नोटेवरची सही

आमच्या करंजाच्या घरात पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. वडिलांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. तिच्यात सातबाराचे उतारे आहेत, होडीच्या नोंदणीचे पिवळे पडलेले कागद आहेत आणि लाल पुठ्ठ्याची एक वही आहे. त्या वहीत पाच रुपयांची एक नोट जपून ठेवलेली आहे. नोटेवर सहाव्या जॉर्ज राजाचा चेहरा आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही. सही चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांची.

ही नोट वडिलांना त्यांच्या मामांनी दिली. मामा मुंबईहून बसऱ्याला जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. वाटेत मस्कत, बहरीन, कुवेत अशी बंदरे लागत. त्या काळी या सगळ्या किनाऱ्यावर आपलाच रुपया चाले. मामांनी बहरीनच्या बाजारात खजूर घेतले आणि दुकानदाराने उरलेल्या पैशांत ही नोट परत दिली. मुंबईतून निघालेली नोट अरबांच्या गल्ल्यातून फिरून करंजाच्या कोळीवाड्यात आली, याचे वडिलांना मोठे अप्रूप होते. त्याहून मोठे अप्रूप सहीचे. देशमुख आपल्या कुलाबा जिल्ह्याचे, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. पाहुण्याला चहा मिळो न मिळो, नोटेचे दर्शन घडेच.

करंजा म्हणजे द्रोणागिरीच्या पायथ्याचे आमचे गाव. समोर खाडीपलीकडे रेवस. जुन्या कागदांवर पत्ता असे तो उरण पेटा, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा. कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ साली. वडिलांच्या तोंडात मात्र शेवटपर्यंत कुलाबाच राहिला.

आता त्या लाल वहीविषयी सांगतो, कारण या नोटेवरच्या माणसाकडे मी वळलो तो तिच्यामुळे. साठीच्या दशकात आमच्या आळीतल्या काही नाखव्यांनी मिळून एक फंड काढला होता. नोंदणी वगैरे काही नाही. आपसातला विश्वासाचा मामला. एकूण सात होड्या. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू झाला की प्रत्येक होडीमागे ठरावीक रक्कम जमा करायची आणि कुणाचे जाळे वाहून गेले, इंजिन बिघडले, तर त्यातून उचल द्यायची. हिशेब वडिलांकडे. ते चौथीपर्यंत शिकलेले, पण अक्षर मोत्यासारखे. सातांपैकी तीन होड्या एकाच नाखव्याच्या होत्या आणि आणखी एक त्याच्या मेहुण्याची. पैसा जास्त त्यांचा, म्हणून होड्यांच्या संख्येने मत धरायचे असे ठरले. हे वडिलांनीच मान्य केले होते, त्यांना ते न्यायाचे वाटले होते.

मग एका वादळात सगळ्यात लहान होडी फुटली. मालकाने उचल मागितली. तीन होड्यांच्या नाखव्याला त्याच आठवड्यात नवे इंजिन घ्यायचे होते. मते मोजली गेली, चार विरुद्ध तीन. लहान नाखव्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबायला सांगितले. तो थांबू शकला नाही. होडीचे लाकूड विकून तो दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेला. पुढच्या वर्षी फंड बंद पडला. वहीची उरलेली पाने कोरी आहेत. वडील त्या गोष्टीबद्दल फारसे बोलत नसत, पण तो माणूस रस्त्यात समोर आला की ते मान खाली घालत, हे मी पाहिले आहे.

मी पुढे बँकेत कारकून झालो. व्हाउचरांच्या ढिगाऱ्यातून वेळ मिळेल तेव्हा देशमुखांविषयी मिळेल ते वाचत गेलो. सुरुवात कौतुकाने झाली. नंतर लक्षात येत गेले, की आमच्या सात होड्यांच्या फंडात जो प्रश्न सुटला नाही, त्याच प्रश्नाशी हा माणूस जगाच्या पाठीवर झगडत होता.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगड किल्ल्याच्या वाटेवरच्या नाते या गावी. वडील रोह्याला वकील. शाळा रोहा, तळा आणि मग मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल. १९१२ च्या मॅट्रिकला हा मुलगा मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. संस्कृतचे वेड जन्मभर टिकले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात आणले. केंब्रिजला मात्र ते गेले ते वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र शिकायला. तिथेही वनस्पतिशास्त्राचे बक्षीस. १९१८ ची आय.सी.एस. परीक्षा लंडनला झाली, तिच्यातही पहिला नंबर. आमच्या पिढीत पोरांना अभ्यासाला बसवताना आईबाप देशमुखांचे नाव घेत, त्यामुळे कित्येक मुलांना हा माणूस मुळीच आवडत नसे!

जवळजवळ वीस वर्षे त्यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात सरकारी नोकरी केली. महसूल पाहिला, प्रांताचा खजिना सांभाळला, १९३१ च्या गोलमेज परिषदेत सचिवांच्या कचेरीत काम केले. १९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले. १९४१ च्या अखेरीस डेप्युटी गव्हर्नर आणि ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. आमच्या ट्रंकेतली नोट या काळातली.

काळ कसा होता? बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. ब्रिटिश सरकार युद्धासाठी भारतातून धान्य, कापड, ताग, दारूगोळा उचलत होते आणि त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा म्हणून लिहून ठेवत होते. त्या जमेवर इथे रिझर्व्ह बँक नोटा छापत होती. नोटा वाढल्या, माल उरला नाही, भाव भडकले. युद्ध संपेपर्यंत इंग्लंडकडे भारताचे सुमारे १,७०० कोटी रुपये येणे झाले होते. कालचा कर्जदार आज सावकार झाला, पण वसुली करण्याची ताकद सावकारात नव्हती. इजिप्तचीही गत तीच. त्याचेही पौंड लंडनमध्ये अडकून पडले होते.

अशा वेळी जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स नावाच्या डोंगरातल्या ठिकाणी, एका मोठ्या हॉटेलात, ४४ देशांची परिषद भरली. युद्धानंतर जगाचा पैशांचा व्यवहार कसा चालावा हे ठरवायचे होते. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन संस्थांचा जन्म तिथलाच. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर जेरेमी रेझमन, म्हणजे सरकारचे इंग्रज अर्थसदस्य. त्यांच्याबरोबर देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ, बी. के. मदन आणि सर थिओडोर ग्रेगरी. देश गुलाम, आणि समोर इंग्लंडच्या बाजूने केन्ससारखा अर्थशास्त्री. अरबांपैकी इजिप्त आणि इराक हजर होते.

भारताच्या मंडळींनी तिथे मुख्यतः तीन गोष्टींसाठी जोर लावला. पहिली, लंडनमध्ये अडकलेल्या पौंडांचा काही मार्ग या नव्या निधीतून निघावा. इजिप्तचा सूरही हाच होता. इंग्लंडने ते साफ नाकारले. हा दोघांतला हिशेब आहे, बाहेरच्यांनी पडू नये, अशी भूमिका घेतली. दुसरी, नव्या संस्थांच्या उद्देशांत मागासलेल्या देशांच्या विकासाचा स्पष्ट उल्लेख हवा. श्रीमंत देशांना चिंता होती ती चलने स्थिर राहण्याची आणि युरोप पुन्हा उभा करण्याची. ज्यांचे उद्ध्वस्त होण्याइतके कधी उभेच राहिले नव्हते, त्यांचे काय, हा भारताचा सवाल होता. मागणी पूर्ण मान्य झाली नाही. तरी सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हे शब्द निधीच्या उद्देशांत आले आणि त्यात भारताच्या आग्रहाचा भाग होता.

तिसरी गोष्ट मला वहीकडे घेऊन जाते. प्रत्येक देशाचा निधीतला वाटा किती? अमेरिकेचा २७५ कोटी डॉलर, इंग्लंडचा १३० कोटी, रशियाचा १२०, चीनचा ५५, फ्रान्सचा ४५. भारताला ४० कोटी. इजिप्तला साडेचार कोटी आणि इराकला ८० लाख. भारताला चीनच्या बरोबरीने वाटा हवा होता, तो मिळाला नाही. पण मतांचा नियम पाहण्यासारखा आहे. प्रत्येक देशाला, तो कितीही लहान असो, आधी २५० मते. मग दर लाख डॉलरमागे एक मत. बँकेतल्या दुपारच्या सुट्टीत मी हे गणित वहीच्या मागच्या पानावर मांडले होते. अमेरिका २७,७५०. भारत ४,२५०. इजिप्त ७००. इराक ३३०. इराकचे पैशांवर नुसते ऐंशी मत झाले असते. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश आवाज त्याला केवळ सभासद म्हणून मिळाला. अमेरिकेपुढे तो तरीही कस्पटच. हा नियम न्यायाचा होता असे मी म्हणणार नाही. पण लहान माणसासाठी काहीतरी जागा राखावी लागते, एवढे तरी तिथे कुणाच्या तरी लक्षात होते. आमच्या फंडात वडिलांनी ती जागा ठेवली नव्हती.

पुढे रशिया या संस्थांत आलाच नाही. त्यामुळे वाट्याच्या क्रमात भारत पाचवा झाला आणि पहिल्या पाचांना संचालक मंडळावर स्वतःचा माणूस नेमण्याचा हक्क होता. स्वतंत्र होण्याआधीच भारताला ती खुर्ची मिळाली. देशमुख १९४६ पासून दहा वर्षे या दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळांवर होते आणि १९५० च्या पॅरिसच्या वार्षिक सभेचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. नात्याच्या मुलाने पॅरिसमध्ये जगाच्या खजिनदारांची सभा चालवली, हे आमच्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

घरचा अनुभव मात्र कडू होता. फाळणी झाली तेव्हा काही काळ दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक एकच, रिझर्व्ह बँक, आणि गव्हर्नर देशमुख. एका मुनीमाने दोन भांडणाऱ्या भावांच्या वह्या लिहायच्या, तसा प्रकार. पाकिस्तानच्या वाट्याच्या ७५ कोटींपैकी २० कोटी दिले गेले होते. उरलेल्या ५५ कोटींवरून काश्मीरच्या लढाईमुळे तेढ वाढली आणि जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या काळात सरकारने ती रक्कम देण्याचे ठरवले. ही व्यवस्था सप्टेंबर १९४८ पर्यंत चालायची होती, ती जूनअखेर आटोपली. शेजाऱ्यांनी एकत्र तिजोरी चालवणे किती अवघड असते, हे देशमुखांइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

१९४९ साली ते गव्हर्नरपदावरून उतरले. त्याच वर्षी त्यांच्या इंग्रज पत्नी रोझिना वारल्या. १९५० च्या जूनमध्ये नेहरूंनी त्यांना अर्थमंत्री केले. पहिली पंचवार्षिक योजना, इंपीरियल बँकेची १९५५ साली झालेली स्टेट बँक, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण, कंपनी कायदा हे सगळे त्यांच्या कारकिर्दीत झाले. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या देशांनी एकमेकांच्या विकासाला हातभार लावावा म्हणून आखलेली कोलंबो योजना १९५१ साली सुरू झाली, तेव्हाही आपले अर्थमंत्री तेच. या योजनेत भारत मदत घेत होता आणि नेपाळसारख्या शेजाऱ्याला देतही होता. घेणारा आणि देणारा एकाच पंगतीत, ही कल्पना तेव्हा नवी होती.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. माझ्या वडिलांनी आयुष्यातले पहिले मत त्यांना दिले. मी चार वर्षांचा होतो. बोटावरची शाई पुसत नाही म्हणून आई वैतागली होती, एवढे अंधुक आठवते. पुढच्या वर्षी, २२ जानेवारी १९५३ ला, देशमुखांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. साक्षीदारांत पंडित नेहरू. दुर्गाबाई तेलुगू, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या, घटना समितीच्या सभासद. त्याच वर्षी केंद्रीय समाजकल्याण मंडळ निघाले आणि त्या त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. नवरा देशाचा पैसा पाहतो आणि बायको देशातल्या बायका-मुलांचे पाहते, अशी ती जोडी होती. आर्थिक आणि सामाजिक विकास हे दोन शब्द सरकारी कागदांत नेहमी जोडीने येतात, ते एका घरात नांदताना फार थोडे दिसतात.

आणि मग १९५६ उजाडले. भाषावार राज्यरचनेत मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. देशमुखांनी राजीनामा दिला. तो जुलैमध्ये मंजूर झाला आणि त्यांनी लोकसभेत निवेदन केले. त्यांची तक्रार केवळ मुंबईपुरती नव्हती. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला नीट विचारल्याशिवाय घेतला गेला, हे त्यांना सलत होते. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, हीही त्यांची मागणी होती.

मी हे पुन्हा पुन्हा वाचतो तेव्हा ब्रेटन वुड्समधले देशमुखच मला दिसतात. सभेत बसवले आहे पण विचारलेले नाही, हे त्यांना तिथेही मान्य नव्हते आणि दिल्लीतही नाही. फरक एवढा, की तिथे ते हरले तरी बसून राहिले, इथे उठून गेले. तेव्हा काहींनी त्यांच्यावर टीकाही केली. आयुष्यभर साहेबाची चाकरी केलेला माणूस ऐन वेळी मराठी झाला, असा तिचा रोख. मला ती टीका पटत नाही. पण आय.सी.एस.च्या अंगरख्यात वाढलेला हा माणूस सामान्य माणसांत मिसळला नाही, हे खरे आहे. वडिलांना हे सांगितले की ते म्हणायचे तेवढे ऐकून घेत आणि ट्रंक बंद करून टाकीत.

नंतरच्या वर्षांत त्यांनी विद्यापीठ अनुदान मंडळ पाहिले, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभे केले. १९५९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ साली स्वतंत्र आणि जनसंघ या पक्षांच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि तिसरे आले. जन्मभर पहिला नंबर काढणाऱ्याचा हा एक तिसरा नंबर.

इकडे त्या नोटेचेही दिवस फिरले. आखातात रुपये देऊन सोने घ्यायचे, ते चोरून आपल्या किनाऱ्यावर उतरवायचे आणि तिकडे साठलेले रुपये रिझर्व्ह बँकेकडून पौंडांत वटवून घ्यायचे, हा धंदा फार वाढला. आमच्या किनाऱ्यावर त्या सोन्याच्या गोष्टी अजून रात्री सांगितल्या जातात. मी त्यात पडत नाही. म्हणून १९५९ साली आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार आणला, १९६५ साली बहरीनने. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांनी पाठ फिरवली. ओमान तेवढा १९७० पर्यंत थांबला.

पण कुवेतने दिनार काढला त्याच वर्षी आणखी एक गोष्ट केली. इतर अरब देशांना विकासासाठी कर्ज देणारा एक निधी काढला. १९६८ साली अरब देशांनी मिळून आर्थिक आणि सामाजिक विकासाचा एक सामाईक निधी ठरवला, त्याचेही मुख्यालय कुवेतला. प्रत्येक देशाने भाग घ्यायचे, आणि त्यातून गरजू देशांत रस्ते, वीज, पाणी, शेतीसाठी सवलतीची कर्जे द्यायची. तेलवाला कुवेतही सभासद आणि सुदान, येमेनसारखे हात पसरणारेही. ज्या इराकची १९४४ साली ३३० मते होती, तोही त्यात आला. पुढे याच इराकने १९९० साली कुवेतवर चाल केली. एकत्र तिजोरी असली म्हणजे भांडण होत नाही, असे नाही. फाळणीच्या वर्षी देशमुखांनी ते पाहिलेच होते.

दुर्गाबाई मे १९८१ मध्ये गेल्या. देशमुख २ ऑक्टोबर १९८२ ला हैदराबादला गेले. गांधीजयंतीच्या दिवशी गेल्याने दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जागा थोडी मिळाली, असे वडील म्हणायचे. मी ते पडताळून पाहिले नाही.

माझा पुतण्या गेली बारा वर्षे कुवेतला आहे. गेल्या मे महिन्यात तो आला तेव्हा मी त्याला ट्रंक उघडून नोट दाखवली. तिच्या पंजोबांच्या बाजारात ही चालत होती, यावर त्याच्या मुलीचा विश्वास बसेना. तिने नोट उजेडात धरून पाहिली आणि मग ती लाल वही चाळू लागली. सात होड्यांची नावे तिने मोठ्याने वाचली. सगळ्यात खालच्या, लहान होडीच्या नावापुढे वडिलांनी नंतर कधीतरी पेन्सिलने एक आकडा लिहिलेला आहे. तो उचलीचा आकडा आहे, जी कधी दिली गेली नाही. इतकी वर्षे वही माझ्याकडे होती आणि मला तो दिसला नव्हता.